कशावरून

कॉलेजच्या गच्चीवर, टाकीला खेटून,
हवा पिणारं एक यंत्र ठेवलंय.
मिनिटाला दहा लिटर,
साधारण सकूबाई मडावी पिते तेवढीच.
यंत्राला धाप लागत नाही, एवढाच फरक.

आत ढोल, ढोलावर चिकट फीत,
घड्याळाच्या चालीनं सरकणारी.
दर सोमवारी मी ती उतरवतो,
सात तुकडे कापतो, गुलाबी रंग चढवतो,
आणि आठवडाभर रानात कुठं कुठं भटकलेला वारा
काचेवर निजलेला सापडतो.

एकवीस वर्षं मी हे डोळ्यांनी मोजलं.
बाभूळ चटकन कळते, सोळा कणांची एकच जुडी,
घर फुटू द्यायचं नाही असं ठरवून निघालेली.
ज्वारी गुळगुळीत, एकच भोक, भोकाला काठ.
गाजर गवत काटेरी.
उजवा डोळा हल्ली बुधवारपर्यंत ठणकतो.

म्हणून ढोके मॅडमनी संगणकाला शिकवलं
माझ्याच तीनशे चाळीस काचा दाखवून.
महिनाभरात तो माझ्यापुढं गेला.
गाजर गवत: शंभरात सत्त्याण्णव.
मी घरी बायकोला सांगितलं,
आता डोळे मिटले तरी चालतील.

पण प्रणोती ढोके मुळातच संशयी,
बाप मोजणी खात्यात होता त्यांचा,
साखळी दोनदा ओढल्याशिवाय हद्द न मानणारा.
त्यांनी त्याला विचारलं: कशावरून?
जिथं पाहून ठरवलंस तिथं लाल भर.
त्यानं भरला.
कणावर काहीच नाही, गार निळं.
सगळा लाल चौकटीच्या कोपऱ्यात,
जिथं गाजर गवत दिसलं की मी
काचपेन्सिलीनं बारीक फुली मारत आलो होतो.

इतके दिवस तो मला वाचत होता.

त्या रात्री काचा पुसत बसलो.
स्पिरिट, फडकं, फुली. स्पिरिट, फडकं, फुली.
घाटंजीची शेवटची एसटी गेली ते कळलंच नाही.
दुसऱ्या दिवशी तो सत्त्याण्णववरून एकसष्टवर आला
आणि मॅडम हसल्या.
म्हणाल्या, आता शिकेल.

फेब्रुवारीत सकूबाई आली, छातीत पावा वाजवत.
मोह वेचणं सोड, मोहच बाधतो तुला,
असं डॉक्टर म्हणाले होते, गार्ड म्हणाला होता,
जावईही म्हणाला होता, तोंडात खर्रा धरून.
"काहून गा?" तिनं एकेकाला विचारलेलं.
"मोह तं अजून फुलाचाच हाय."
कुणी लाल भरून दाखवला नव्हता.

तिच्या अंगणात आठवडाभर टांगलेली काच
मी भिंगाखाली सरकवली, तिला स्टूल दिलं.
पडद्यावर अक्षरं आली: वावळ.
मग लाल उतरला, सावकाश,
कडेच्या पाच छिद्रांवर
आणि पाठीवरच्या सुरकुत्यांवर,
वाळल्या मोहफुलाला असतात तशाच.
ती पाहत राहिली. खोकला आला, तो पदरात धरला.
"हे तं माह्या खिडकीतलं झाड."

पानं यायच्या आधी फुलून घेतं ते,
फुलं अशी की कुणाच्या नजरेत भरू नयेत.
"याच्या बिया खाऊनशान पोट्टे मोठे झाले माहे."
तोडायचं का, हे मी विचारलं नाही.
तीच म्हणाली, खाट तिकडल्या अंगाले टाकतो.
आणि उठता उठता, पडद्याकडे हनुवटी करून,
"याले इचारलं तं सांगते. बरं हाय."

काल एक कण आला.
यंत्र म्हणालं: एरंडी, शंभरात एकेचाळीस.
कशावरून विचारलं
तर लाल सगळीकडे थोडा थोडा सांडला,
भाजीवाल्याच्या हातून सांडावं तसं पाणी.
मीही पाहिलं, डावा डोळा, उजवा डोळा.
पुस्तकात नाही. मॅडमच्या फोनमध्ये नाही.
कुठल्या टेकडीवरून, कुठल्या खोडावरून निघालं असेल.

हात सवयीनं फुलीकडे गेला.
पेन्सिल परत खिशात ठेवली.